कर्ज फिटलं तरी झोप येईल का?

कार्यकर्ता : ताई, मी सरळच विचारतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, भूम किंवा कळंब तालुक्यातला एखादा ऊसतोड मजूर डोळ्यांपुढे आणा. दसऱ्याच्या आधी त्यानं मुकादमाकडून लाखभर उचल घेतली. थोडी मागच्या देण्यात गेली, थोडी पोरीच्या लग्नात, थोडी घरावरच्या पत्र्यात. मग पाच-सहा महिने तो आणि त्याची बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्र का असेना, भरून द्यायची. ताप आला की खाडा आणि खाडा धरला की पैसे कापले. सीझन संपल्यावर मुकादम सांगतो, अजून तीस हजार तुझ्या अंगावर आहेत. कागद कसला नसतो. हा माणूस रात्र रात्र जागा असतो. आता तुम्ही त्याच्यापुढे बसून विचारणार, तुला काय वाटतं? त्याला काय वाटावं हे त्या तीस हजारांनी ठरवलेलं आहे. बिघडलाय तो हिशेब, आणि तो दुसऱ्या कुणीतरी बिघडवलाय. तुम्ही त्याच्या जागरणाला आजार म्हणालात की हिशेब बिघडवणारा माणूस चित्रातून निघून जातो आणि गोळी मजुराच्या हातात येते. तुमच्या कामाबद्दल माझी पहिली हरकत ही आहे.

समुपदेशक : हरकत रास्त आहे, अण्णा. गोळी देऊन मजुरी वाढत नाही हे मला कळतं. पण तुमच्याच माणसाकडे अजून थोडा वेळ बघा. तो गावात येतो आणि मुकादमाच्या घरावरून जायचं टाळतो. मग किराणा दुकानावरून जायचं टाळतो. पुढे पुढे पारावर बसायचंच सोडून देतो. तुम्ही गावात सभा लावता तेव्हा तो घरात पडून असतो आणि बायको दारातून सांगते, बरं नाही त्यांना. दवाखान्यात गेला तर सांगतो कंबर धरली, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही. एक सलाईन लावून घेतो आणि परत येतो. त्याच्याशी चार वेळा बोलल्यावर पाचव्या वेळी जे वाक्य बाहेर पडतं, ते ‘मला लुबाडलं’ हे नसतं. ते असतं, ‘माझ्यातच दम नाही.’ तुमच्या सगळ्या मांडणीचा पाया हा की लुबाडलेल्या माणसाला आपण लुबाडले गेलो हे कळतं. ते त्याला कळतच नाही, उलट तो स्वतःवरच खटला चालवून स्वतःलाच शिक्षा देतो. तुमचा हिशेब त्याच्यापर्यंत पोचवायचा असेल, तर आधी हा खटला थांबवावा लागेल.

कार्यकर्ता : खटला थांबवण्याचा सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे कर्ज उतरवणं. मी घोषणा देत नाही, आकडे बघून बोलतो. 2022 साली देशात 1,70,924 माणसांनी स्वतःचा जीव घेतल्याची सरकारी नोंद आहे. दर शंभरात 72 पुरुष. व्यवसायानुसार पाहिलं तर सगळ्यांत मोठा गट रोजंदारीवाल्यांचा, एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. राज्यांमध्ये आपला महाराष्ट्र पहिला. दुखणं फक्त मनाचं असतं तर त्यानं माणसाची मजुरी विचारून घर निवडलं नसतं. आणि उपायाचं बघा. इंडोनेशियात गरीब घरांना रोख मदत द्यायची योजना आली, तेव्हा जिथे ती पोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण 18 टक्क्यांनी घटल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. श्रीलंकेनं सगळ्यांत घातक कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि काही दशकांत हजारो जीव वाचले. दोन्ही ठिकाणी कुणाच्या मनात डोकवावं लागलं नाही. पैसा दिला, विष काढून घेतलं, माणसं जगली.

समुपदेशक : दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत आणि दोन्हींसाठी मी तुमच्या मोर्चात येईन. पण 18 टक्के घटले म्हणजे 82 टक्के उरले, त्यांचं काय करायचं? आपल्याच राज्यातलं सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी घरोघर जाऊन बोलायला सुरुवात केली, गरज दिसेल त्याला समुपदेशकाकडे आणि त्यापुढे डॉक्टरांकडे नेलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातली चार माणसं कुणाची तरी मदत घेत होती. दीड वर्षानं सत्तावीस घ्यायला लागली. कापसाचा भाव काही या प्रकल्पानं बदलला नव्हता. म्हणजे परिस्थिती तीच असताना माणूस मदत मागू शकतो, हे विदर्भातल्या कोरडवाहू गावांनी दाखवलं.

दुसरं, तुमच्याच आकड्यातून एक प्रश्न निघतो. शंभरात 72 पुरुष का? कोयत्यातली बाई तितकाच ऊस तोडते. कोपीवर येऊन चूल तीच पेटवते, पाणी तीच भरते, लेकरू तिच्याच कडेवर असतं. उचल तिच्याही नावावर फिटते, हातात मात्र तिच्या येत नाही. कष्ट आणि कर्ज यांचाच हिशेब करायचा तर आधी ती मोडायला हवी. तिचं दुःख कमी आहे असं मी म्हणत नाही, किती बाया आतून मोडलेल्या असतात ते मी रोज बघते. पण ती दुसऱ्या बाईजवळ बोलते. पाण्यावर बोलते, धुण्यावर बोलते, जात्याचे दिवस गेले तरी बोलायची जागा तिनं पूर्ण सोडलेली नाही. पुरुषाला आपण शिकवलं की तू घर चालवतोस म्हणून तू आहेस. मग ज्या दिवशी घर चालत नाही, त्या दिवशी त्याला वाटतं आपण नाहीच.

कार्यकर्ता : इथे जरा सावकाश. शहरातून येणारे लोक मजुराला पुरुषी अहंकारावर व्याख्यान देतात तेव्हा माझं डोकं फिरतं. कसला अहंकार? कारखान्यावर त्याला कुणी अहो-जाहो करत नाही. मुकादमाचा विशीतला पोरगा पन्नाशीच्या माणसाला अरे-तुरे करतो. दिवसभर सगळीकडे वाकून आलेल्या माणसाला घरात तेवढी एक मान मिळते, आणि तुम्ही ती पण सोडायला सांगता. लग्नाचंच घ्या. डिसेंबर 2022 मध्ये आपल्या शेजारी सोलापूरला तरुण पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली. मुली मिळत नाहीत, शेतकऱ्याच्या पोराला कुणी मुलगी देत नाही, मुलींची संख्या घटलीय, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. टीव्हीवर ते गमतीची बातमी म्हणून चाललं. तीस-बत्तीस वर्षांचा पोर, एकर-दोन एकर कोरडवाहू, बरोबरीच्या सगळ्यांची लग्नं झालेली, आई-बापाच्या डोळ्यांत रोज तोच प्रश्न. तो आपली जखम घेऊन भर रस्त्यात आला आणि आपण हसलो. तुम्ही म्हणता पुरुष बोलत नाहीत. बोलले की काय होतं ते त्यांनी पाहिलंय.

समुपदेशक : हे तुम्ही फार नेमकं बोललात आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या पोरांना हसलेल्यांत शिकलेले लोक जास्त होते. पण घरातल्या त्या एका मानेबद्दल मला बोललंच पाहिजे, कारण तिची किंमत कोण देतं हे माझ्यासमोर बसलेलं असतं. माझ्याकडे पुरुष आपणहून क्वचितच येतो. आधी त्याची बायको येते आणि ती त्याचं दुःख सांगायला आलेली नसते. दारू, मारहाण, पोरांच्या दप्तराचे पैसे नेले, हे सांगायला येते. नंतर तो येतो, ओढून आणल्यासारखा. मी त्याच्या आत काय चाललंय ते समजून घ्यायला लागले की ती मला विचारते, मग माझं काय? पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये 1986 पासून दारूच्या व्यसनाकडे आजार म्हणूनच पाहतात, पण बायकांसाठी ‘सहचरी’ गट वेगळा चालतो आणि सुधारायची जबाबदारी व्यसनी माणसावरच राहते. मी स्वतःला समजून घेणं म्हणते तेव्हा मला एवढं कडक काहीतरी अभिप्रेत असतं. माझ्यावर अन्याय झाला हे कळणं, आणि त्याच रात्री मी कुणावर अन्याय केला हेही कळणं. पहिलं कळायला तुमची संघटना मदत करते. दुसऱ्याबद्दल संघटनेच्या सभेत मी कधी काही ऐकलेलं नाही.

कार्यकर्ता : नसेल ऐकलं. पण सरकारी माणसांनी यात काय केलं तेही बघू. 2015 मध्ये आपला जिल्हा आणि यवतमाळ, या दोन जिल्ह्यांसाठी ‘बळीराजा चेतना अभियान’ आलं. त्याच सुमारास आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशाताईंनी घरोघर फॉर्म भरायचा. आता ती आशा म्हणजे त्याच गल्लीतली सून. ती घरातल्या कर्त्या माणसाला विचारणार, तुम्हाला निराश वाटतं का, जगावंसं वाटत नाही का? तो म्हणणार, ‘काय न्हाय बाई, सगळं बरं हाय, लिही.’ आशानं इमानदारीनं काम केलं, त्यानं इमानदारीनं लपवलं, फॉर्म वर गेला आणि जिल्हा कागदावर सुखी झाला. आणि माणूस गेल्यावर काय? समिती बसते. 2006 पासून एक लाखाची मदत आहे. सातबारा कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे बघून पात्र किंवा अपात्र असा शेरा मारतात. ज्याच्याकडे सातबाराच नाही, जो उचल घेऊन मेला, तो त्या टेबलापर्यंतही जात नाही. शेतमजुराच्या मरणाला सरकारदरबारी कारणसुद्धा मिळत नाही. अशा राज्यात तुम्ही त्याला आत्मभान शिकवणार?

समुपदेशक : त्या टेबलाची दुसरी बाजू मी बघितली आहे. घरच्यांना ठाऊक असतं की तो दोन वर्षं गप्प गप्प होता, जेवत नव्हता, एकदा आधी प्रयत्नही झाला होता. पण हे सांगितलं तर शेरा अपात्र. मग घरचे फक्त कर्ज सांगतात, आणि कर्ज खरंही असतं, म्हणून त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. पण त्यामुळे पुढचा माणूस गप्प झाला, जेवेनासा झाला, तर त्याकडे बघायचं असतं हे गावाला शिकायलाच मिळत नाही. मदतीचा नियमच असा की दुःखाला एकच तोंड ठेवायचं. तुम्ही म्हणता मानसोपचारवाले कर्ज झाकतात. आपल्या जिल्ह्यात मला उलटंही झालेलं दिसतं, कर्जाखाली मन झाकलं गेलं. आणि दोन्हींखाली भूमिहीन झाकला गेला, हे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं उचलते.

यात भूकंप आठवल्याशिवाय राहत नाही. 30 सप्टेंबर 1993. सास्तूर, होळी, आज लोहारा तालुक्यात असलेली ती गावं. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते आणि पहाटे चारच्या आत घरं खाली. नंतर पैसा आला, धान्य आलं, नव्या जागी सरळ रस्त्यांची गावं वसली. घर परत मिळालं, पण पक्क्या छताखाली झोपायची हिंमत पुष्कळांना कित्येक वर्षं झाली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, ओसरीवर, अंगणात झोपायचे. भरपाईनं झोप आपोआप येत नाही, हे या जिल्ह्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

कार्यकर्ता : भूकंप तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण तो माझ्या बाजूनं साक्ष देतो. त्या वेळी पुरुष रडले. भर माणसांत, ढिगाऱ्यावर बसून, अनोळखी जवानाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. कुणी त्यांना बायकी म्हणालं नाही. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पुरानं रानं खरवडून नेली, तेव्हाही धोतर-टोपीतली माणसं कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडली. आता विचार करा, त्यांना रडता का आलं? सगळ्यांचं एकदम गेलं होतं. यात माझी चूक काय, हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. कर्जाचं तसं नाही. ते एकट्याच्या नावावर असतं, एकट्याच्या उंबऱ्यावर मागायला येतं. दुःख दोन्हीकडे आहे. फरक लाजेचा आहे. आणि लाज एकट्यानं निघत नाही, तुमच्या खोलीत दोघांत बसूनही निघत नाही. शंभर टोळ्यांचे मजूर एका मैदानात आले आणि प्रत्येकाच्या अंगावर तीस-चाळीस हजार शिल्लक निघाले, तर प्रत्येकाला कळेल की ही माझ्या दमाची गोष्ट नव्हे. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली ती कोयता बंद ठेवायच्या तयारीवर. त्या दिवशी किती लोकांची मान वर झाली ते मी पाहिलं. तो माझा दवाखाना.

समुपदेशक : भूकंपात लाज नव्हती, कर्जात आहे. हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत, आणि आता माझ्या कामाची व्याख्या मी तुमच्या शब्दांत करेन. ती लाज सुटी करायची, एवढंच मला करायचं आहे. पण तुमच्या मैदानात माझा एक माणूस कधीच पोचत नाही. जो आधीच इतका खाली गेलाय की अंघोळ करायचं बळ नाही, तो मोर्चात कुठून येणार? आणि जे पोचतात त्यांचं काय? व्यासपीठाला लढणारा माणूस लागतो. ‘मी हरलो’ असं माईकवर कुणाला म्हणता येत नाही. एका सीझनला दर वाढला, पुढच्या वर्षी पाऊस गेला, ऊसच नाही, कारखाने दोन महिन्यांत बंद. ढोकीचा तेरणा कारखाना कितीतरी वर्षं बंद राहिला, तेव्हा तिथल्या कामगारांच्या घरात काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. लढाई हरल्यावर ज्याची मान खाली गेली, त्याच्याकडे संघटना परत जाते का?

कार्यकर्ता : नेहमी जात नाही. पण ऐकायचं म्हणजे समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचं, हेही मला पटत नाही. आपल्या तेरला या. तेरणाकाठी गोरोबाकाकांची समाधी. मातीत तुडवलं गेलेलं लेकरू, ती कथा कीर्तनात लागली की मिश्या पिकलेले बाप्ये उपरण्यानं डोळे पुसतात. कुणी विचारत नाही तुला काय झालं. ज्याचं लेकरू गेलं तो त्यात आपलं लेकरू बघतो, ज्याचं रान गेलं तो रान बघतो. सांगितल्याशिवाय हलकं व्हायची सोय आमच्या लोकांनी शेकडो वर्षं जपली. तुमच्या शास्त्राला मात्र कबुली लागते. पुरुषानं बोललंच पाहिजे, उघडं झालंच पाहिजे, नाहीतर तो बरा नाही. एखाद्याला नसेल बोलायचं. बैलाच्या पाठीवर हात फिरवत गप्प बसणंही शहाणपणाचं असू शकतं.

समुपदेशक : असू शकतं. मीसुद्धा खुर्च्या केव्हाच सोडल्या. माणूस गाडीच्या चाकाला टेकून, समोर न बघता, विडी ओढता ओढता जे सांगतो ते खोलीत सांगत नाही. गप्प बसलेल्याला गप्प राहू द्यावं, हेही मी शिकले. पण दोन प्रकारचं गप्प असतं, अण्णा. एक विसाव्याचं असतं. दुसऱ्यात माणूस निरवानिरव करत असतो. कागद जागेवर ठेवतो, बहिणीला भेटून येतो, एकदम शांत आणि मोकळा दिसायला लागतो आणि घरचे म्हणतात, बरं झालं, सावरला. ती शांतता ओळखता येणारा कुणीतरी गावात पाहिजे. कीर्तनात ती ओळखली जात नाही, मोर्चातही नाही. आणि ओळखल्यावर थेट विचारायला लागतं, जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्यानं ते मनात भरतं, हा गैरसमज आहे. विचारल्यावर माणसाला हायसं वाटतं. कीर्तनाबद्दल आणखी एक. तिथून तो हलका होऊन परततो हे खरं, पण ‘माझं प्रारब्धच असं’ हे वाक्य तो तिथून कधीकधी अधिक पक्कं करून आणतो. तुमच्या हिशेबाच्या कागदाला ते वाक्य मुकादमापेक्षा जड जाईल.

कार्यकर्ता : हे मला तोडता येत नाही. बरं, मग करायचं काय ते बोलू. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ही, त्यांतलं मराठवाड्यात एकही नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग आहे, पण आमचा माणूस सहा महिने सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात फडावर. पोलिसांचा धाकही आहे. आधी प्रयत्न झालेला असेल तर घरचे दवाखान्यातही खरं सांगत नाहीत, केस होईल म्हणून.

समुपदेशक : तो धाक आता निराधार आहे आणि ते गावोगाव सांगायला हवं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं मानून संरक्षण दिलं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं. 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलमच ठेवलं नाही. बाकी तुमचं बरोबर, सेवा फडावर गेली पाहिजे. गाडीतळावर, कोप्यांच्या अड्ड्यावर, आठवड्यातून एक दिवस.

कार्यकर्ता : आणि तिथे बसणाऱ्याचा पगार कोण देणार? कारखान्यानं दिला तर मजुराचं मन मुकादमाच्या कानावर जाईल. उद्या पळून जायचा विचार बोलून दाखवला तर परवा दारात माणसं उभी राहतील.

समुपदेशक : तुमच्या संघटनेनं दिला तर जो संघटनेवर नाराज आहे तो येणार नाही. सरकारनं दिला तर पुन्हा फॉर्म.

कार्यकर्ता : म्हणजे विश्वास कुणावर, हा प्रश्न सुटलेला नाही.

समुपदेशक : नाही सुटलेला. आणि या सेवेसाठीच्या माझ्या मागणीपत्रात ‘रुग्ण’ लिहायचं की ‘मजूर’, यावरही आपलं जमणार नाही, कारण रुग्ण म्हटल्याशिवाय औषधाचे पैसे मंजूर होत नाहीत आणि रुग्ण म्हटल्यावर तो येत नाही.

कार्यकर्ता : मजूर लिहा. औषधाच्या पैशासाठी मी भांडतो. पण माझीही अट आहे. उचलीचा लेखी हिशेब ही पहिली मागणी राहील, तुमची दुसरी.

समुपदेशक : मला चालेल, पण दोन्ही एकाच दिवशी मांडायच्या. कागद घेऊन तुम्ही ज्या घरात जाल, त्या घरात मीही येणार, आणि बायकोशी वेगळं बोलणार. तोवर एवढं तरी प्रत्येक गावात पोचवा. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही. बाप, भाऊ, नवरा, जोडीदार गप्प झाला असेल तर त्याच्या वतीनं घरच्यांनीही लावावा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात. जे काही करायचं ते त्याच्या आधी करा.